ग्रंथालयाच्या दारातील वयाची अट

सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास आपल्याकडे बहुधा इमारतींचा, देणगीदारांचा आणि ग्रंथसंख्येचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे, अशी सनावळी शतकोत्तर स्मरणिकांतून वारंवार भेटते. ती आवश्यक आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ग्रंथालयाने कुणाला काय शिकवले, हा प्रश्न या सनावळीत क्वचितच उपस्थित होतो. ग्रंथालय म्हणजे ज्याला वाचता येते त्याला पुस्तक देणारी संस्था, असे आपण गृहीत धरून चालतो. वाचता येणे ही जणू प्रवेशाची पूर्वअट आणि ती पुरी करून देण्याचे काम शाळेचे.

हे गृहीतक आज पुन्हा तपासावे लागण्यास एक निमित्त आहे. आयुष्यभर वर्तमानपत्र, मासिके, कादंबऱ्या वाचत आलेली माणसे साठीनंतर एकाएकी निरक्षरांच्या रांगेत उभी राहिल्याचे आपण पाहत आहोत. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला, बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट, इस्पितळाची वेळ, विजेचे देयक हे सारे व्यवहार हातात मावणाऱ्या एका पडद्यावर गेले आहेत. त्या पडद्याची लिपी या वाचकांना परकी आहे. अक्षरे ओळखीची असतात. पण कोणते अक्षर दाबले असता काय घडेल आणि समोरचा मजकूर कुणी, कशासाठी लिहिला आहे, हे उमगत नाही. अशा वाचकाला शिकवण्याचे काम कोणत्या संस्थेचे? आमच्या मते ते सार्वजनिक ग्रंथालयाचे आहे, आणि हे म्हणणे नवे नाही. त्यामागे शतकाहून जुनी परंपरा आहे. ती परंपरा कुठे सुरू झाली, कुठे खंडित झाली आणि तिच्यात पहिल्यापासून कोणती उणीव होती, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

प्रौढ माणसाला शिकवण्याची आधुनिक महाराष्ट्रातील कहाणी ग्रंथालयाबाहेर सुरू होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला रात्रीचे दोन तास मोकळे असतात आणि त्या दोन तासांवर त्याचा हक्क आहे, ही कल्पनाच त्या काळी अपूर्व होती. त्याच सुमारास पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी उभी होती. परंतु तिचा वाचक निराळा होता. वर्गणी भरू शकणारा, इंग्रजी शिकलेला किंवा शिकू पाहणारा, प्रायः वरच्या जातीतला पुरुष. रात्रशाळा आणि ग्रंथालय एका शहरात काही अंतरावर असूनही त्यांच्यामध्ये मोठी दरी होती. शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मजुराने पुढे कोठे जाऊन वाचावे, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील आपल्या ग्रंथालयांपाशी उत्तर नव्हते.

ही दरी सांधण्याचा एक प्रयत्न मुंबईत ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने केला. गिरणगावात लीगने रात्रशाळा चालवल्या, त्याबरोबर मोफत वाचनालये आणि फिरती वाचनालयेही चालवली. शिकवणे आणि वाचायला देणे ही दोन कामे एका छत्राखाली आणण्याचा हा विचार महत्त्वाचा होता. मात्र लीगचे साधनसामर्थ्य एका स्वयंसेवी संस्थेचे होते. हाच विचार राज्यसंस्थेने आपला मानला तर काय घडू शकते, याचे उदाहरण त्याच वर्षांत बडोद्याने घालून दिले.

२

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला एक मुलगा १८७५ मध्ये दत्तकविधानाने बडोद्याच्या गादीवर आला, ही कथा मराठी वाचकास परिचित आहे. तिसरे सयाजीराव गायकवाड हे पुढे सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणासाठी ख्यातनाम झाले. अमरेली भागात १८९३ मध्ये त्यांनी हा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. ग्रंथालयांचा विचार या धोरणातून अपरिहार्यपणे निघाला. शाळेत गेलेले मूल चार इयत्तांनंतर शेतावर परतले आणि त्याच्या हाती पुन्हा कधी पुस्तक आले नाही, तर काही वर्षांत ते शिकलेले विसरते. आणि ज्यांचे शाळेचे वय सक्तीचा कायदा येण्यापूर्वीच उलटून गेले, त्या लाखो प्रौढांसाठी तर शाळेचा कायदा असून नसल्यासारखाच.

सयाजीरावांनी आपल्या परदेशप्रवासात अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास पाचारण केले. बोर्डन तीन वर्षे राहिले. त्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक निवडण्याची मुभा मिळाली, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. सयाजीरावांनी आपला खासगी ग्रंथसंग्रहही या ग्रंथालयास दिला. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजराती विभागांबरोबर मराठी विभागही होता. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत नियमित लेखन होण्याचा हा आरंभकाळ. आज आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही त्याची फारशी माहिती असत नाही. बोर्डन परतल्यानंतर या खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली आणि या चळवळीवर १९१९ मध्ये ग्रंथही लिहिला.

बडोद्याच्या रचनेतील दोन गोष्टींकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिली गोष्ट पैशांची. गावाने आपला वाटा उभा केला की तितकाच वाटा संस्थानाने आणि तितकाच स्थानिक पंचायतीने द्यायचा, अशी त्रिभागी पद्धत होती. त्यामुळे ग्रंथालय गावाचेही राहिले आणि सरकारवर त्याची जबाबदारीही राहिली. जेथे असे ग्रंथालय उभे राहू शकत नव्हते तेथे फिरते ग्रंथालय जाई. मजबूत लाकडी पेटी, तीत निवडलेली पुस्तके. वाहतुकीचा खर्च सरकारचा, सांभाळण्याची जबाबदारी गावातल्या एखाद्या शिक्षकाची किंवा प्रतिष्ठित गृहस्थाची. पेटी वाचून झाली की परत जाई आणि दुसरी येई.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. ग्रंथालय खात्यात ‘दृक्-शिक्षणा’ची एक स्वतंत्र शाखा होती. तिच्यापाशी सिनेमाचे यंत्र होते, जादूचा कंदील होता, काचेच्या चित्रपट्ट्या होत्या, दोन भिंगांतून पाहिले असता चित्र घनरूपात दिसावे असे स्टिरिओस्कोप होते. ही सामग्री घेऊन खात्याची माणसे खेडोपाडी जात आणि फुकट खेळ दाखवत. प्रेक्षकांत बहुसंख्य माणसे निरक्षर असत. आरोग्य, शेती, भूगोल, दूरदेशीचे जीवन यांची चित्रे ती पाहत. भारतात कथापट नुकताच जन्मास येत होता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्या काळात एका ग्रंथालय खात्याने चलच्चित्र हे आपले साधन मानले, ही घटना आमच्या दृष्टीने असाधारण आहे. पुस्तक न वाचू शकणारा माणूसही ग्रंथालयाचा हक्कदार आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ग्रंथालयाने आपले माध्यम बदलले पाहिजे, हा सिद्धान्त त्यात होता. तो कुणी ग्रंथात मांडण्यापूर्वी बडोद्याने व्यवहारात आणला. एस. आर. रंगनाथन यांचे पाच सूत्रांचे विवेचन त्यानंतर १९३१ मध्ये आले.

३

बडोद्याविषयी आदर बाळगूनही दोन आक्षेप नोंदवणे इतिहासाच्या प्रामाणिकपणास धरून होईल.

एक आक्षेप सामाजिक आहे. ज्या बडोद्याने फिरती ग्रंथालये काढली, त्याच बडोद्यात १९१७ मध्ये संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना नोकरीवर रुजू होऊनही राहावयास जागा मिळाली नाही. संस्थानाचे कायदे पुढारलेले होते आणि समाज तेथेच होता. ‘सर्वांस खुले’ ही पाटी लावल्याने दार सर्वांना सारखे खुले होत नसते. दारापर्यंत येण्याची वाट कुणाला किती बिकट आहे, हे पाहावे लागते. आजच्या ज्येष्ठ वाचकाच्या बाबतीतही ही गोष्ट विसरता येणार नाही. साठीच्या पुढील स्त्री, विशेषतः खेड्यातली आणि तिच्यातही दलित किंवा भटक्या समाजातली, आयुष्यात कधी ग्रंथालयाची पायरी चढलेली नसते. तिच्यासाठी सूचनाफलकावर लावलेली वर्गाची जाहिरात निरर्थक आहे.

दुसरा आक्षेप शिक्षणविषयक आहे. दृक्-शिक्षण शाखेने लोकांना चित्रे दाखवली. परंतु चित्र कसे पाहावे, हे तिने शिकवले काय? पडद्यावर जे हलते ते कुणीतरी निवडून, जुळवून, एका हेतूने ठेवलेले असते, हे त्या प्रेक्षकाला कुणी सांगितले काय? तसे सांगण्याची गरज त्या खात्याला भासली असावी, असे दिसत नाही. कल्याणकारी राजा प्रजेला हितकर ते दाखवील आणि प्रजा ते विश्वासाने पाहील, अशी ती धारणा होती. प्रेक्षकाने पडद्याला प्रश्न विचारावा, ही अपेक्षा त्या धारणेत बसत नव्हती. माध्यम पोहोचले, माध्यमाची चिकित्सा पोहोचली नाही. बडोद्याच्या प्रयोगातली ही उणीव पुढील सर्व सरकारी उपक्रमांत उतरली आणि आज तिची किंमत आपण मोजत आहोत, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेचे एक पाऊल दिल्लीत पडले. युनेस्कोने १९४९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा काढला आणि लोकशिक्षणाची जिवंत शक्ती म्हणून ग्रंथालयाचे वर्णन केले. त्यानुसार भारत सरकारच्या सहकार्याने १९५१ मध्ये दिल्ली पब्लिक लायब्ररी हा पथदर्शी प्रकल्प उभा राहिला. त्यात ‘सामाजिक शिक्षण’ हा स्वतंत्र विभाग होता. नवसाक्षरांसाठी पुस्तके, चर्चामंडळे, नाट्यप्रयोग, चित्रपटांचे खेळ हे त्याचे कार्यक्रम. चर्चामंडळ ही बडोद्याच्या पुढची पायरी होती. पाहिलेल्या व वाचलेल्या गोष्टींवर बोलण्यास तेथे वाव होता. परंतु हा नमुना देशभर रुजला नाही. ग्रंथालय हा राज्यांचा विषय राहिला आणि बहुतेक राज्यांनी त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले.

४

दरम्यान प्रौढशिक्षण ग्रंथालयापासून सुटून ‘मोहिमे’च्या मार्गाला लागले. महाराष्ट्राच्या दृष्टीने यातले ठळक उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. गुलाल उधळला जाई. नवसाक्षर मंडळी गावापुढे वाचून दाखवत. सार्वजनिक उत्सवाचे रूप दिल्याने साक्षरतेला प्रतिष्ठा आली, हे तिचे श्रेय. मात्र समारंभानंतर वाचायला काय, हा प्रश्न उरला आणि गावोगावी ग्रंथालय नसल्याने तो उरूनच राहिला. शिकलेली अक्षरे वापराअभावी पुसली जाणे हा भारतातील साक्षरता मोहिमांचा कायमचा आजार होऊन बसला.

मोहिमेचा आणखी एक गुणधर्म असतो. तिला लक्ष्य लागते आणि लक्ष्य ठरवताना वयाची रेषा आखावी लागते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ हा वयोगट धरला. १९८८च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननेही तोच धरला. उत्पादक वयातील माणसावर केलेला खर्च देशाला लवकर परत मिळतो, असा त्यामागील हिशेब होता. पस्तिशी ओलांडलेल्या निरक्षराला या हिशेबात स्थान नव्हते. २००९च्या साक्षर भारत योजनेने वरची मर्यादा काढली आणि २०२२पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमानेही पंधरा वर्षांवरील सर्वांना आपल्या कक्षेत घेतले. म्हणजे अक्षरांच्या बाबतीत ही रेषा पुसायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आणि नेमकी ती पुसली जात असताना, संगणकीय साक्षरतेच्या बाबतीत ती नव्याने आखली गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे लक्ष्य सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचे होते; प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण. वयाची अट १४ ते ६०. ३१ मार्च २०२४ रोजी हे अभियान संपले तेव्हा ६.३९ कोटी माणसे प्रशिक्षित झाल्याची अधिकृत नोंद झाली. लक्ष्यापेक्षा अधिक म्हणून या आकड्याचे कौतुक झाले, आणि ते अस्थानी नव्हते. तथापि एकसष्टाव्या वर्षात असलेल्या कोणत्याही स्त्रीपुरुषाची त्यात गणना होऊ शकत नव्हती. घरातल्या एकाने शिकावे, इतरांनी त्याच्यावर विसंबावे, अशी योजनेची कल्पना होती. घरातला तो एकजण बहुधा तरुण असणार आणि तो शहरात निघून जाणार, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणालाही सांगता आले असते.

या योजनेचे केंद्र ग्रंथालय नव्हते. प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राला शुल्क मिळे ते परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळवणाऱ्या उमेदवारामागे. अशा रचनेत जो लवकर शिकतो तो केंद्राला परवडतो. ज्याला तीच गोष्ट पाच वेळा विचारावी लागते, ज्याचा हात थरथरतो, ज्याला चष्म्यातूनही पडदा धूसर दिसतो, तो परवडत नाही. यात कुणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. हिशेबाची पद्धतच तशी आहे.

ग्रंथालयाचा हिशेब वेगळा असतो. वाचकाने एकाच पुस्तकाची मुदत दहा वेळा वाढवून घेतली तरी ग्रंथपालाचे नुकसान होत नाही. तेथे परीक्षा नाही, इयत्ता नाही, उत्तीर्ण होणे नाही. शिवाय शिकू इच्छिणारा वृद्ध वाचक तेथे आणावा लागत नाही. तो आलेलाच असतो. महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती कोण बसलेले असते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. निवृत्त शिक्षक, जुने गिरणी कामगार, पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा, मुलगा परगावी असलेले काका. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे दहा टक्के लोक साठीच्या पुढचे होते. त्यानंतर हे प्रमाण वाढतेच आहे. वाचनालयाच्या सकाळच्या बैठकीत ते पूर्वीपासून बहुमतात आहेत.

५

त्यांना शिकवायचे काय? येथे साहित्याच्या अभ्यासकांचा संबंध येतो, अशी आमची धारणा आहे.

बहुतेक अभ्यासक्रम यंत्र हाताळण्याचे कौशल्य शिकवतात: खाते कसे उघडावे, परवलीचा शब्द कसा ठेवावा, छायाचित्र कसे पाठवावे. हे शिकवावेच लागेल. हयातीच्या दाखल्याचेच उदाहरण घ्या. ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था नोव्हेंबर २०१४ मध्ये आली आणि २०२१पासून मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देण्याची सोय झाली. हे ज्याला जमते त्याची दर नोव्हेंबरातील बँकेची रांग टळते. पण ज्याला केवळ कळ दाबता येते आणि मजकुराची पारख करता येत नाही, त्याचा धोका अधिक वाढतो. २०२४ मध्ये ‘डिजिटल अटक’ नावाच्या फसवणुकीने देशभर असंख्य कुटुंबांना लुबाडले, त्यात वृद्धांची संख्या लक्षणीय होती. पडद्यावर पोलिसाच्या गणवेशातला माणूस दिसतो, त्याच्यामागे कार्यालयाचा देखावा असतो, भाषा कायद्याची असते. असा कोणताही कायदा अस्तित्वात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सांगावे लागले. बळी पडलेल्यांत उच्चशिक्षित माणसेही होती. त्यांना वाचता येत होते, यंत्रही हाताळता येत होते. देखाव्याला प्रश्न विचारण्याची सवय नव्हती. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या पडद्यासमोर जे शिकवायचे राहिले, ते हेच.

ही सवय मराठी परंपरेला परकी आहे काय? मुळीच नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जात असताना त्यांत लेखनिकांच्या चुका शिरल्या, कुणी आपल्या ओव्या घुसडल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, निरनिराळ्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मजकूर बदलतो. म्हणून हाती आलेल्या प्रतीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ती कुठून आली, तिच्यात भर कुणी घातली हे पाहावे, असा तो वस्तुपाठ होता. तीन शतकांनंतर वि. का. राजवाड्यांनी बखरींच्या तुलनेत अस्सल समकालीन कागदपत्रांचा आग्रह धरला तो याच वृत्तीने. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलला जाणारा निनावी संदेश हा प्रकृतीने प्रक्षिप्त पाठ आहे. त्याला कर्ता नाही, काळ नाही, मूळ प्रत नाही. आहेत ते केवळ लेखनिक, आणि प्रत्येकजण आपल्या परीने त्यात भर घालतो. जो वारकरी एकनाथांच्या या कार्याबद्दल हात जोडतो, त्याला ‘हा संदेश मुळात कुणी लिहिला?’ हा प्रश्न समजावून सांगणे कठीण का जावे? कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला पाठभेद ही कल्पना अपरिचित नसते. तिचे नाव त्याला ठाऊक नसते, इतकेच.

म्हणून ग्रंथालयातील असा वर्ग एखाद्या यंत्रज्ञाने घेण्यापेक्षा यंत्र जाणणारा तरुण आणि मजकूर जाणणारा मराठीचा शिक्षक अशा दोघांनी मिळून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. एका सकाळी सर्वांच्या भ्रमणध्वनीवर आलेला एकच संदेश घ्यावा. त्याच्या चार प्रती शेजारी ठेवाव्यात. कुठे काय बदलले ते पाहावे. त्यातले छायाचित्र खरोखर कधीचे आहे ते शोधून काढावे. तीच बातमी टेबलावरच्या तीन वर्तमानपत्रांत कशी आली आहे किंवा आलीच नाही, ते ताडून पाहावे. मराठीच्या वर्गात जी पाठचिकित्सा आपण प्राचीन कवितेपुरती राखून ठेवली आहे, तिचा येथे उपयोग होतो. आणि ज्येष्ठ वाचक येथे रित्या हातांनी येत नाही. एखादी घटना त्याने स्वतः पाहिलेली असते. तिची विकृत चित्रफीत पाहून तो म्हणू शकतो की हे असे घडले नव्हते. त्या स्मरणशक्तीला तरुणांनीही साक्षीला बोलवावे.

युनेस्कोच्या ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याची २०२२ मध्ये जी नवी आवृत्ती निघाली, तिने माध्यमसाक्षरता आणि संगणकीय साक्षरता ही सर्व वयांच्या लोकांसाठी ग्रंथालयाची कामे असल्याचे स्पष्टपणे नमूद केले आहे. १९४९च्या जाहीरनाम्याशी तिची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी.

६

हे सारे स्वप्नरंजन आहे, असे म्हणणाऱ्यांना केरळकडे बोट दाखवता येईल. पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये त्रावणकोरात ग्रंथशाला संघ स्थापन झाला, तेव्हा त्यात ४७ ग्रंथालये होती. पुढे ही चळवळ राज्यभर पसरली, तिने साक्षरतेचे काम अंगावर घेतले आणि १९७५ मध्ये तिला युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ संपूर्ण साक्षर घोषित झाले. त्याच राज्याने २१ ऑगस्ट २०२५ रोजी संपूर्ण डिजिटल साक्षरतेची घोषणा केली. घरोघर पाहणी करून सुमारे २१.८८ लाख शिकाऊ व्यक्ती निश्चित करण्यात आल्या आणि त्यांपैकी जवळजवळ सर्वांनी प्रशिक्षण पुरे केले. वरच्या वयाची मर्यादा येथे ठेवली नव्हती. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेली माणसेही हजारोंनी होती. हे कार्य एकट्या ग्रंथालयांचे नव्हे. स्थानिक स्वराज्य संस्था, कुटुंबश्रीच्या स्त्रिया, विद्यार्थी स्वयंसेवक असे अनेक हात त्याला लागले. परंतु शेजाऱ्याला शिकवणे हे नागरिकाचे काम आहे, ही वृत्ती तेथे दोन-तीन पिढ्या घडत आली आहे आणि ती घडवण्यात गावच्या वाचनालयाचा वाटा निर्विवाद आहे. अशा घोषणांकडे संशयाने पाहण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. शिकलेले टिकते की नाही, हे काही वर्षांनी कळेल. तरीही साठीची रेषा ओलांडता येते, हे एका राज्याने सिद्ध केले.

महाराष्ट्रापाशी याची सामग्री नाही असे नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. राज्याचा कायदा १९६७चा. आज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. ती अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली आहेत आणि वर्गानुसार त्यांना अनुदान मिळते. केरळच्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची तरतूद आहे. आपल्या कायद्यात ती नाही. त्यामुळे आपली ग्रंथालये अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहत जगतात. ‘ड’ वर्गातील ग्रामीण ग्रंथपालास मिळणारे मानधन हा विषय अधिवेशनांतून इतक्या वेळा मांडला गेला आहे की त्याची पुनरुक्ती करण्यास संकोच वाटतो. या ग्रंथपालाने आता वृद्धांना मोबाइलही शिकवावा, असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. बडोद्याची त्रिभागी पद्धत येथे आठवते. गावाने खोली, वेळ आणि माणसे द्यावीत, पंचायतीने वीज आणि जोडणी, शासनाने ग्रंथपालाचे प्रशिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला. वर्गवारी ठरवताना पुस्तके, वाचक आणि वर्तमानपत्रे मोजली जातात. तेथे वाचकांना किती तास शिकवले, हेही मोजावे. जे मोजले जात नाही त्यासाठी अनुदान मागता येत नाही.

मराठी विभागांकडेही एक मागणी आहे. आपले पदव्युत्तर विद्यार्थी पाठचिकित्सेची प्रश्नपत्रिका सोडवतात आणि ते ज्ञान तेथेच ठेवून येतात. एका सत्रातून महिन्यातले दोन शनिवार त्यांनी गावच्या वाचनालयात, त्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी घालवले, तर दोन्ही बाजूंना लाभ आहे. काकांना संदेशाची मूळ प्रत शोधता येईल; विद्यार्थ्याला प्रक्षेप म्हणजे काय हे परीक्षेच्या पलीकडे उमगेल. त्यासाठी नवी योजना, नवे बोधचिन्ह किंवा उद्घाटन यांची आवश्यकता नाही. वाचनालय सकाळी आठला उघडते. ज्येष्ठ वाचक त्याआधीच पायरीवर येऊन थांबलेले असतात.